पावसाळ्याआधी जीपच्या मागच्या ॲक्सलमधील ऑटोमॅटिक लॉकर कसा काढावा

जीप, जिप्सी किंवा जुनी थार घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्यांपैकी काही जण मागच्या ॲक्सलमध्ये ऑटोमॅटिक लॉकर, म्हणजे जोर दिला की दोन्ही चाके आपोआप एकत्र बांधणारा संच, बसवून घेतात. उन्हाळ्यात चाळकेवाडीच्या बाजूच्या खडकाळ वाटांवर किंवा माण तालुक्यातील कोरड्या ओढ्यांमध्ये हा लॉकर आपले पैसे वसूल करून देतो. एक चाक हवेत लटकले तरी दुसरे चाक गाडी पुढे ढकलत राहते. परंतु तीच गाडी जूनपासून रोज यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात ये-जा करणार असेल, किंवा मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरला जाणार असेल, तर पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी लॉकर काढून मूळ डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारी गिअरची रचना) परत बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची गाडी पावसाळाभर फक्त शेताच्या चिखलात फिरते आणि डांबरी रस्त्यावर क्वचितच येते, त्यांनी ही उस्तवार करण्याची गरज नाही.

यामागचे कारण नीट समजून घेतले, तर पुढचे कामही सोपे वाटते. साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना समान वाटला जातो आणि वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरू शकते. एक चाक निसरड्यावर आले की ते जागच्या जागी भिरभिरते, गाडीला पुढे ओढ मिळत नाही, आणि याच दोषासाठी माणसे लॉकर बसवतात. मात्र त्या वेळी दुसरे चाक निमूटपणे रस्त्याला धरून असते आणि गाडीचा मागचा भाग आडवा सरकू देत नाही, हे लक्षात घेतले जात नाही. लॉकर बसवल्यावर जोर दिला की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. रस्ता ओला असेल, त्यावर शेवाळ किंवा दरडीची लाल माती पसरलेली असेल, तर दोन्ही चाके एकाच क्षणी सुटतात, आणि भिरभिरणाऱ्या चाकाला आडवी पकड जवळजवळ राहत नाही. मग रस्ता ज्या बाजूला उतरता असेल त्या बाजूला गाडीचा मागचा भाग घसरू लागतो, आणि घाटात ती बाजू बहुधा दरीची किंवा गटाराची असते.

ऑटोमॅटिक लॉकरची आणखी एक खोड आहे. वळणावर पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर आतले चाकच गाडी ओढते आणि गाडी सरळ जाऊ पाहते. तोच पाय उचलला की लॉकर सुटतो आणि गाडी एकाएकी आत वळते. कोरड्या रस्त्यावर चालक याला सरावतो, पण ओल्या रस्त्यावर सरावाला वाव नसतो. गाडीची चाकांमधली लांबी जितकी कमी, तितका हा झटका मोठा असतो. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 2375 मिलिमीटर आहे, 2010 सालच्या थारचे 2430 मिलिमीटर आणि जुन्या सीजे-3बी जीपचे तर 2032 मिलिमीटरच. त्यामुळे जुन्या छोट्या जीपच्या मालकांनी या बाबतीत सर्वांत जास्त सावध राहावे. हिवाळ्यात गाडी स्पितीला नेण्याचा बेत असेल तर तेथील गोठलेल्या रस्त्यांनाही हेच लागू पडते. बर्फाळ प्रदेशांत थंडीआधी ऑटोमॅटिक लॉकर काढून ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे.

पुढच्या ॲक्सलमधील लॉकरची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुढच्या चाकांना हाताने सोडता येणारे फ्री-व्हील हब असतील आणि ते सोडलेले असतील, तर रस्त्यावर तो लॉकर काहीच त्रास देत नाही, म्हणून तो काढण्याची घाई नाही. हब कायम जोडलेले असतील, तर फोर व्हील लावल्यावर ओल्या वळणावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळायला नकार देते. अशा गाडीचा पुढचा लॉकर आधी काढावा.

आपल्या गाडीत नेमके काय आहे

पाना हातात घेण्यापूर्वी ही चौकशी करावी. पहिला प्रकार म्हणजे मूळ डिफरन्शियलच्या, थोडक्यात डिफच्या, केजमध्येच (आतले गिअर धरणाऱ्या पोकळ डब्यात) बसणारा लॉकर. यात केज, क्राऊन (केजवरचे मोठे दातेरी चक्र) आणि बेअरिंग कंपनीचेच राहतात. फक्त आतले स्टार पिनियन (क्रॉस पिन या आडव्या पिनवर फिरणारे छोटे गिअर) आणि सन गिअर (चाकांच्या शाफ्टवर बसणारे गिअर) काढून त्यांच्या जागी दातेरी चकत्यांचा संच बसवलेला असतो. पुढचा सगळा मजकूर या प्रकाराविषयी आहे, कारण घरच्या शेडमध्ये काढता येण्याजोगा हाच लॉकर आहे. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ डेट्रॉइट लॉकरमध्ये, संपूर्ण केजच बदललेली असते. तो काढायचा म्हणजे क्राऊन उतरवणे, बेअरिंग प्रेसवर काढणे-बसवणे आणि क्राऊन आणि त्याला फिरवणारा पिनियन यांच्या दातांमधील मोकळीक, म्हणजे प्ले, डायल गेजने पुन्हा जुळवणे ही कामे आली. ती अनुभवी डिफ मेकॅनिककडेच सोपवावीत. सातारा, कराड आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथ आणि प्रेस असलेली वर्कशॉप आहेत. प्ले न जुळवता नुसते बोल्ट आवळून देणाऱ्या गॅरेजपेक्षा तेथे दोन दिवस जास्त गेलेले परवडतात.

तिसरा प्रकार काढायचाच नसतो. बटनाने किंवा हवेच्या दाबाने चालणारा लॉकर बंद ठेवला की डिफरन्शियल साध्यासारखेच वागते. महिंद्राने थारला कारखान्यातूनच दिलेले मागचे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलही याच गटात धरावे. दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला तरच ते लागते आणि वेग वाढला की लागत नाही, त्यामुळे रोजच्या घाटरस्त्यावर ते मध्ये येत नाही. त्याला हात लावू नये.

ऑटोमॅटिक लॉकर ओळखण्याची खूण सोपी आहे. मोकळ्या मैदानात हळू वेगाने, ॲक्सिलरेटर न देता गाडी पूर्ण वळवली, तर सायकलच्या फ्रीव्हीलसारखी टकटक मागून ऐकू येते. बाहेरचे चाक केजपेक्षा जास्त फिरू लागले की त्या बाजूचे दाते एकमेकांवरून घसरत पुढे जातात, त्याचा तो आवाज असतो.

मूळ भाग आधी जमवा

लॉकर बसवताना काढलेले स्टार पिनियन, सन गिअर आणि त्यांचे वॉशर जपून ठेवलेले असतील तर निम्मे काम झाले. ते भंगारात गेले असतील, तर संपूर्ण संच एकत्र घ्यावा. जुन्या सन गिअरशी नवे स्टार पिनियन जोडू नयेत, कारण दाते एकमेकांशी घासून बसलेले असतात आणि मिश्र जोडी लवकरच आवाज करू लागते. सन गिअरच्या आतील स्प्लाइनची (लांबट खाचांची) संख्या आपल्या शाफ्टवरील स्प्लाइनशी जुळते का, हे दुकानातच शाफ्ट किंवा जुना गिअर सोबत नेऊन पाहावे. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे स्प्लाइन आले असण्याची शक्यता असते आणि खरेदीच्या पावतीवर ते लिहिलेले नसते.

याशिवाय क्रॉस पिनचा लॉक बोल्ट किंवा लॉक पिन नवी घ्यावी. दोन्ही शाफ्टची ऑइल सील, मागच्या झाकणाचे पॅकिंग किंवा ऑइल सहन करणारे सिलिकॉन, बोल्ट पक्का करणारे द्रव आणि डिफसाठी जीएल-5 प्रतीचे 80डब्ल्यू-90 गिअर ऑइलही आणून ठेवावे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी ग्रेड दिली असेल तर मॅन्युअल प्रमाण मानावे. साध्या डिफरन्शियलला लिमिटेड स्लिपसाठीचे खास द्रव घालावे लागत नाही.

हत्यारांत टॉर्क पाना, योग्य जाडीचा पंच, चुंबक, डोळ्यांसाठी गॉगल आणि हबला लागणारा पुलर हवा. गॉगल ही मिरवण्याची वस्तू नाही. लॉकरमधील बारीक स्प्रिंगा दाबाखाली असतात आणि त्या कोणत्या दिशेने उडतील याचा नेम नसतो.

गाडी उचलणे आणि ऑइल काढणे

काम सपाट, पक्क्या फरशीवर करावे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. काम करताना केज फिरवावी लागते, म्हणजे गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला लागतो. म्हणूनच गाडी केवळ ठोकळ्यांच्या भरवशावर उभी असते हे विसरू नये. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग मागचा ॲक्सल उचलावा आणि स्टँड ॲक्सलच्या नळ्यांखाली, स्प्रिंगपट्ट्यांच्या जवळ लावावेत. डिफच्या गोल भागाखाली स्टँड लावू नये, कारण ते झाकण उघडताना आड येतात आणि गाडीला एकाच बिंदूवर तोलतात.

ऑइल सोडण्यापूर्वी वरचा फिलर प्लग उघडतो का, हे पाहावे. वर्षानुवर्षे चिखलात बसलेला प्लग कधी कधी पाना फिरवला की गोल होऊन जातो. खालून ऑइल सोडून दिले आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. फिलर उघडला की मगच ड्रेन प्लग काढावा. गाडी थोडी चालवून आणली असेल तर गरम ऑइल भराभर उतरते.

उतरलेल्या ऑइलकडे दोन मिनिटे लक्ष द्यावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर ते नेहमीचे झिजणे आहे. नखात धरता येतील असे धातूचे कपचे असतील, तर लॉकरचे किंवा क्राऊनचे दाते तुटलेले असू शकतात आणि पुढे केज उघडल्यावर प्रत्येक दात तपासावा लागेल. ऑइल दुधाळ दिसले तर डिफमध्ये पाणी शिरले आहे. ओढ्यात गरम डिफ एकदम थंड पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारे छिद्र) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा वेळी पावसाळ्यापूर्वी ब्रीदर साफ करून त्याची नळी उंचावर चॅसीला बांधणे, हे लॉकर काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

शाफ्ट आणि झाकण

शाफ्ट काढण्याची पद्धत गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत ब्रेकच्या मागच्या पत्र्याचे नट सोडले की बेअरिंगसह शाफ्ट सरळ बाहेर येतो. काही जुन्या जीपमध्ये निमुळत्या शाफ्टवर चावीने बसवलेला हब असतो. तो पुलरशिवाय निघत नाही आणि हातोड्याने ठोकला तर बेअरिंगचा बळी जातो. या जीपमध्ये मागच्या पत्र्याखाली पातळ शिम (अंतर जुळवणाऱ्या चकत्या) असतात. शाफ्टची मागेपुढे हालचाल त्यांनीच ठरवलेली असते, म्हणून ज्या बाजूचे जितके शिम निघतील तितके तारेत ओवून त्याच बाजूला टांगून ठेवावेत. शाफ्टच्या आतल्या टोकाला सी आकाराची क्लिप असलेल्या ॲक्सलमध्ये क्रम उलटा असतो. तेथे आधी झाकण उघडून क्रॉस पिन काढावी लागते, शाफ्ट आत ढकलून क्लिप सोडावी लागते आणि मगच शाफ्ट बाहेर येतो.

शाफ्ट पूर्ण बाहेर काढण्याची सक्ती नाही, पण स्प्लाइन सन गिअरच्या जागेतून पूर्ण सुटले पाहिजेत. अर्धवट बाहेर ठेवलेल्या शाफ्टला खालून आधार द्यावा, नाहीतर त्याचे वजन सीलवर येऊन सील कापले जाते. ब्रेकचा पत्रा शाफ्टबरोबर बाहेर येत असेल तर ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे.

मागच्या झाकणाचे सर्व बोल्ट आधी सैल करावेत, वरचे दोन तसेच ठेवावेत आणि झाकणाची कड हलकेच उचकटावी. उरलेले ऑइल उतरले की झाकण काढावे. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये ही सोय नाही. तेथे प्रोपेलर शाफ्ट (डिफला जोर आणून देणारा लांब दांडा) सोडून संपूर्ण डिफ पुढच्या बाजूने काढावे लागते आणि ते बाकावर ठेवून काम करावे लागते. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर रंगाची खूण करून ठेवली की तो परत त्याच जागी बसतो. डिफ जड असते, त्यामुळे ते उतरवताना दुसरा माणूस खाली हवाच.

केज हाऊसिंगमधून (डिफच्या बाहेरच्या कवचातून) काढावी लागली, तर बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर आणि हाऊसिंगवर सेंटर पंचने जुळत्या खुणा कराव्यात. या कॅप हाऊसिंगसोबतच यंत्रावर कापलेल्या असतात, त्यामुळे डावी उजवीकडे किंवा उलटी बसवली की बेअरिंग चेमटते. पण अनेक ॲक्सलमध्ये केज जागेवर ठेवूनच क्रॉस पिन निघते. तसे होत असेल तर बेअरिंग, शिम आणि क्राऊनला अजिबात हात लावू नये, कारण क्राऊन-पिनियनची मूळ जुळणी न हलवता काम होणे हाच या प्रकारच्या लॉकरचा मोठा फायदा आहे.

क्रॉस पिन आणि स्प्रिंगा

केज फिरवून तिची खिडकी (उघडी जागा) आपल्यासमोर आणावी आणि क्रॉस पिन रोखणारा बोल्ट किंवा पिन शोधावी. हा बोल्ट बारीक असतो आणि घाईने पिळला तर मान मोडून आत अडकतो. तो घट्ट वाटला तर लहान बर्नरने थोडी ऊब द्यावी, म्हणजे आतील चिकट द्रव सैल पडते; ऊब देण्यापूर्वी आजूबाजूचे ऑइल पुसून घ्यावे. रोल पिन असेल तर ती तंतोतंत जाडीच्या पंचने ठोकावी. पातळ पंच तिच्या पोकळीत शिरतो आणि पिन फुगवून ठेवतो.

क्रॉस पिन ओढण्यापूर्वी लॉकरच्या आतील दोन चकत्यांमधील छोट्या स्प्रिंगा आणि सळया ओळखून घ्याव्यात. या दोन आतल्या चकत्या क्रॉस पिनच्या भोवती खाचेत बसलेल्या असतात. इंजिनाचा जोर आला की क्रॉस पिन त्या खाचेच्या उतारावर चढते, चकत्यांना बाहेर ढकलते आणि त्यांचे दाते बाहेरच्या चकत्यांत घट्ट रुततात. हाच तो लॉक. जोर नसताना स्प्रिंगा चकत्यांना हलकेच बाहेर दाबून ठेवतात. म्हणून एका हाताने खिडकीवर फडके धरावे, दुसऱ्या हाताने पातळ स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग दाबावी आणि चुंबकाने तिला बाहेर काढावे. किती स्प्रिंगा आणि किती सळया निघाल्या, हे तेथल्या तेथे मोजून लिहावे. एक स्प्रिंग हाऊसिंगच्या तळाशी राहून गेली, तर ती क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये सापडायला वेळ लागत नाही.

मग क्रॉस पिन काढावी, आतल्या चकत्या खिडकीतून बाहेर घ्याव्यात आणि शेवटी बाहेरच्या चकत्या त्यांच्या वॉशरसह काढाव्यात. डावीकडचे भाग डावीकडच्या डब्यात आणि उजवीकडचे उजवीकडच्या डब्यात ठेवावेत. दात्यांच्या कडा हाताने तपासाव्यात. कडा धारदार असतील तर लॉकर पुन्हा वापरता येईल. गोलसर किंवा कपचे उडालेल्या असतील तर तो पुढच्या उन्हाळ्यात परत बसवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

क्रॉस पिनही निरखून पाहावी. आतल्या चकत्या तिच्यावर वारंवार आदळतात, त्यामुळे मधल्या भागावर चपटे घट्टे पडतात. नखाला कड जाणवली, तर नवी पिन घालावी, कारण स्टार पिनियन याच पिनवर फिरणार आहेत. केजमधील पिनची भोके लांबट झाली असतील तर नवी पिनही फार दिवस टिकणार नाही; त्या केजबद्दल मेकॅनिकचे मत घ्यावे.

मूळ गिअर बसवणे

हाऊसिंग आणि केज डिझेलने धुऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तळाशी चुंबक फिरवावा. पाण्याने धुऊ नये. सन गिअर आणि वॉशर गिअर ऑइलमध्ये बुडवून, आधी दोन्ही बाजूंना वॉशरसह सन गिअर बसवावेत. वॉशरची तेलाची खाच असलेली बाजू गिअरकडे असते, केजकडे नाही.

आता खरी चिकाटी लागते. दोन्ही स्टार पिनियन खिडकीच्या दोन बाजूंनी, एकमेकांच्या बरोबर समोर, एकाच वेळी सन गिअरच्या दात्यांत घालावे लागतात. त्यांच्या मागचे वाटीसारखे वॉशर थोड्या ग्रीसने चिकटवून ठेवावेत. मग दोन्ही सन गिअर एकाच दिशेने फिरवावेत, म्हणजे पिनियन जागच्या जागी न फिरता केजच्या भोवती सरकत पिनच्या भोकांपर्यंत येतात. सन गिअर उलटसुलट दिशांना फिरवले तर पिनियन तेथेच गरगरत राहतात आणि काम पुढे जात नाही. फिरवण्यासाठी दोन्ही शाफ्ट थोडे आत सरकवून हँडलसारखे वापरता येतात. तेव्हा दोन माणसे दोन बाजूंना उभी असली तर फार सोयीचे पडते.

एक पिनियन भोकासमोर येतो आणि दुसरा एका दाताने मागे राहतो, असे हमखास घडते. पिनियन बाहेर काढून एक दात पुढे घालून पुन्हा प्रयत्न करावा. क्रॉस पिन ठोकून आत घालण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये. दोन्ही पिनियन आणि दोन्ही वॉशर नीट रांगेत आले असतील तर ऑइल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत जाते. ज्या जुन्या जीपमध्ये दोन शाफ्टच्या टोकांमध्ये क्रॉस पिनवर ओवलेला ठोकळा असतो, तेथे तो विसरू नये. लॉकर बसवताना तो काढलेला असल्यामुळे डब्यातल्या भागांमध्ये तो वेगळा पडलेला असतो, आणि नसला तर शाफ्टची हालचाल आवाक्याबाहेर जाते.

पिनचे लॉक भोक केजच्या भोकाशी जुळवून नवा लॉक बोल्ट द्रव लावून मॅन्युअलमधील टॉर्कने आवळावा. मग एक सन गिअर धरून दुसरा फिरवावा. तो एकसारखा, कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. एका जागी जड वाटला तर बहुतेक वेळा वॉशर तिरका बसलेला असतो किंवा दोन वॉशर एकावर एक चिकटलेले असतात.

शाफ्ट नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून सरळ आत सरकवावेत. झाकणाचे दोन्ही पृष्ठभाग खरवडून कोरडे करावेत, सिलिकॉनची सलग रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढावी आणि बोल्ट समोरासमोरचे असे तिरके-तिरके आवळावेत. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा आणि मगच ऑइल भरावे; ओल्या सिलिकॉनवर भरलेले ऑइल पहिल्याच पावसात शेडच्या फरशीवर दिसते. गाडी सपाट असताना फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर डोकावेपर्यंत भरायचे असते.

खात्री आणि नंतरच्या सवयी

मागची चाके अजून हवेत असताना गाडी गिअरमध्ये टाकावी आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल पुन्हा साधे झाले आहे. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगाने दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. टकटक पूर्ण थांबलेली असते आणि वळताना स्टिअरिंगवर येणारा हिसकाही जातो. थोडे चालवल्यानंतर झाकण, ड्रेन प्लग आणि ब्रेक ड्रमच्या आत ऑइलचा माग दिसतो का, हे पाहावे. ड्रमच्या आत ऑइल दिसले तर सील पुन्हा बदलून, ब्रेक शू नीट पुसून किंवा बदलूनच घाट चढावा.

काढलेला लॉकर डिझेलने धुऊन, ऑइलचा हात फिरवून, ऑइल कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा. साताऱ्याच्या पश्चिमेकडील दमट हवेत उघड्या लोखंडावर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा डोंगरवाटांचा हंगाम सुरू झाला की तो परत बसवता येतो. मात्र कासच्या फुलांच्या पठारावर गाडी उतरवण्यासाठी कोणी त्याची वाट पाहत असेल, तर ते पठार गाडीसाठी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

लॉकर काढल्यानंतर एक जुनी सवय मोडावी लागते. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो ओढलेला असला तरी साध्या डिफरन्शियलमध्ये एक मागचे चाक जॅकवर उचलले की दुसरे चाक मोकळे होते. जमिनीवरचे चाक एका दिशेला आणि हवेतले उलट दिशेला फिरत गाडी उताराने सरकू शकते. लॉकर असताना चाके एकमेकांना बांधलेली राहत असल्याने हा धोका जाणवत नाही आणि म्हणूनच तो विसरला जातो. पावसाळ्यात पसरणी किंवा कुंभार्ली घाटात मागचे चाक पंक्चर झाले, तर आधी फोर व्हील लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी, पुढचे हब जोडावेत, पुढच्या चाकांना उताराच्या बाजूने दगड लावावेत आणि मगच जॅक लावावा. जॅकच्या पायाखाली रुंद फळी घालावी, कारण ओल्या साइडपट्टीत जॅक जमिनीत रुततो.